जाता-येता

यंत्र नव्हतं तेव्हा नियम सोपा होता:
शंकुपात्राजवळून जो जाईल त्याने ते हलवायचं.
मनगटातून, तळ न उचलता, दोन गिरक्या.
मी दिवसभर वेर्ण्याला, औषधांच्या कारखान्यात,
तेव्हा जाणारा-येणारा एकच उरायचा,
घरमालक सांतान,
वय एकोणऐंशी, झोप तीन तास,
रात्रीतून पाच वेळा मोरीकडे.
जाताना दोन गिरक्या, येताना दोन.
माझं यीस्ट त्याच्या मूत्राशयाच्या जोरावर वाढलं
हे बिअर प्यायला येणाऱ्यांना मी सांगत नाही.

मग यंत्र घ्यायचं मनात आलं.
पणजीत जिन्याखालच्या दुकानात एकाने दाखवला
लाकडी खोक्यात बसवलेला संगणकाचा पंखा,
पाठीवर मेलेल्या हार्ड डिस्कची दोन चुंबकं.
स्वस्त होता. पण दोन लिटर पाणी ठेवून बटण फिरवलं
आणि कांडी टणकन काचेवर आपटली,
मग कडेला पडून थरथरत राहिली
जाळ्याबाहेर पडलेल्या वेर्लीसारखी.
दुसरं कारखान्याच्या भंगारातलं,
वजनदार, वर तापणारी तबकडी.
तापण्याचा मला उपयोग नाही. धोका आहे:
अंधारात भलतंच बटण फिरलं
तर सकाळी यीस्टची पेज.
आणि अंधारात चालणारा माणूस घरात आहे.

तिसरं घेतलं. साधं, काळं,
हळू सुरू होणारं, झटका न देणारं.
फेरीबोटीत मांडीवर धरून दिवाडीला आणलं.
शेजारच्या बाईने विचारलं, वजनकाटा?
मी म्हटलं, तसंच काहीतरी.

लिटरला शंभर ग्रॅम माल्ट, दहा मिनिटं उकळी
(उतू जातं, डोळा काढायचा नाही),
परातीतल्या गार पाण्यात निववायचं,
यीस्ट सोडायचं,
तोंडावर फॉइल, सैल, श्वास जाईल इतकी.
खोल भोवरा नको. तो पाहुण्यांना दाखवायला.
पृष्ठभागावर खळी पडली की पुरे,
लहान मुलाच्या गालाला पडते तेवढी.

सांतान खुर्ची ओढून बसला.
चाळीस वर्षं माडावर चढलेला माणूस,
मडकं वर बांधून खाली उतरायचा
आणि बाकीचं झाड बघायचं.
"सुरेक कोण ढवळटा?" म्हणाला.
मी प्राणवायूबद्दल, पेशींच्या संख्येबद्दल बोललो.
तो खळीकडे बघत राहिला.
मग उठून
नेहमीच्या सवयीने हात पुढे केला
आणि मागे घेतला.

दुसऱ्या रात्री अकराला वीज गेली.
मी जागा होतो, उठलो नाही.
चपला आल्या. थांबल्या.
मोरीचं दार लगेच वाजलं नाही.
आधी काचेवरून कांडी घरंगळल्याचा
बारीक आवाज,
एकदा, दोनदा,
मग बराच वेळ.
वीज पहाटे चारला आली.
त्याआधी तो आवाज मी सहा वेळा ऐकला.
मोरीचं दार तीनदाच वाजलं.

सकाळी पात्रात आंबिलीचा रंग.
फ्रिजमध्ये एक दिवस,
तळाशी साय उलटी बसल्यासारखा थर,
वरचं पाणी ओतून टाकलं.
आता थर ढवळून मोठ्या भांड्यात घालायचा,
आणि इथे नेहमी घोटाळा होतो,
कांडी घसरते, बुडते, महिनाभर बिअरमध्ये राहते.
कुणीतरी बाहेरून चुंबक धरावं लागतं.

त्याने धरलं.
मी पात्र कलतं केलं, सगळं वाहून गेलं,
कांडी काचेआड
त्याच्या बोटांना चिकटून राहिली.
त्याने बोटं जरा वर सरकवली. तीही आली.
खाली नेली. आली.
मी म्हटलं, झालं, सोडा आता.
"रे, राव मरे," म्हणाला,
आणि परत वर नेली.